टेबलावरची दुसरी बाटली

चित्रकलेच्या बाईंना शाळेत पोरं 'टेबलबाई' म्हणत. जिन्याखाली त्यांचं एक टेबल होतं आणि दर सोमवारी त्यावर रोजच्या जगण्यातलं काहीतरी मांडलेलं असे. कधी जळलेला प्लग, कधी तारीख उलटलेलं औषध, कधी एकाच बाजूने झिजलेला बूट. शेजारी चिठ्ठीवर एक प्रश्न. उत्तर पोरांनी शोधायचं.

"घरचं मोडकं शाळेत जातं आणि शाळेची काळजी घरी येते," असं यजमान चिडवत, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

त्या सोमवारी दोन सारख्या बाटल्या होत्या, पोरांच्या दप्तरात असतात तसल्याच. एकीत पाणी, दुसरीत रंग पातळ करायचा थिनर. 'नुसतं बघून पाणी ओळखता येईल का?' असा प्रश्न. मुख्याध्यापिकांनी बजावलं होतं, "दोन्हींत पाणीच भरा हो." बाईंनी मान डोलावली होती. पण खोटं मांडून खरं कसं शिकवायचं, हे त्यांच्या मनाला पटेना. झाकण तेवढं त्यांनी घट्ट पिळलं.

मधली सुट्टी संपता संपता येऊन बघतात, तर बाटली एकच. त्यांनी ती उघडून नाकाशी धरली. वास नाही. म्हणजे उरलं होतं ते पाणी.

थिनर कुणीतरी नेला होता. साडीचा पदर खोचून त्या मैदानाकडे धावल्या. पोरं उन्हात पळून घामाघूम झालेली, जो तो बाटली तोंडाला लावतोय. एकाला ठसका लागला तशी बाईंनी त्याची हनुवटीच धरली.

"तोंड उघड!"

"बाई, आज दात घासलेत मी! आईची शप्पथ!"

पोरं खो खो हसली. बाईंना हसू सुचेना. अशा किती तोंडांचा वास घेणार? वर्गावर्गात हिंडेपर्यंत कुणी घोट घेतला म्हणजे? एकच वाट होती, आणि ती मुख्याध्यापिकांच्या खोलीतून जात होती. नोकरी गेली तर जाऊ दे, असं मनाशी म्हणत त्या आत शिरल्या.

"माइक द्या."

"अहो, झालं काय?"

"आधी माइक द्या. मग काय बोलायचं ते बोला."

सगळ्या शाळेला बाईंचा आवाज ऐकू गेला. "जिन्याखालच्या बाटलीत पाणी नाही. विष आहे. ज्याने नेली असेल त्याने पिऊ नये. प्यायला असाल तर लगेच सांगा. मी रागावणार नाही. चूक माझी आहे."

मुख्याध्यापिका फोनवर हात ठेवून बसल्या होत्या.

कॉरिडॉरमध्ये पावलं वाजली. दुसरीच्या वर्गशिक्षिका एका चिमुरडीला पुढे घालून आल्या. तिच्या हातात ती बाटली.

"मला माझीच वाटली," पोरगी रडवेली झाली. "माझी पण अशीच आहे."

बाई गुडघ्यांवर बसल्या. झाकण हलतंय का पाहिलं. घट्ट होतं. तरी त्यांनी पोरीच्या तोंडाचा वास घेतला, मग पुन्हा घेतला.

"प्यायली नाहीस ना, बाळा?"

"नाही," ती डोळे पुसत म्हणाली. "मला अजून तहान लागली नव्हती."