कन आणि कण

आज माणिकपूरच्या क्लासमध्ये शिकवताना खडू मोडला आणि त्याच्या वासासरशी कॉलेजचा वर्ग आठवला. मी उभी राहून विचारलं होतं, "सर, मोजन्याआधी इलेक्ट्रॉनचा कन खरंच कुठं असतो का?"

सर म्हणाले, "आधी कण म्हणायला शिक." आमच्या मिठागराच्या गावात पाणीसुद्धा पानीच. वर्ग हसला, मी खाली बसले.

त्याच प्रश्नावर शास्त्रज्ञ अजून भांडतायत. कुणी म्हणतं, मोजेपर्यंत तो कुठंच नसतो. कुणी म्हणतं, त्याच्यासोबतची लाट नेईल त्या ठरल्या वाटेनं जातो. सरांनाही उत्तर ठाऊक नव्हतं. एवढं कबूल करायला त्यांची जीभ झडली असती?

मी मात्र आरशासमोर ण घोटला. आता माझा कण अगदी शुद्ध आहे. प्रश्न पुन्हा कधी कुणाला विचारला नाही.