माघीकाकीच्या पडवीतला धूर

पोशेऱ्याजवळच्या आमच्या सहा घरांच्या पाड्यावर निर्धूर चुली आल्या, तेव्हा पाच घरांनी त्यांत अंड्यांवर कोंबड्या बसवल्या. चुली बांधून देणारी संस्थेची मुलगी पुन्हा आली आणि ते बघून रडकुंडीला आली. माझी चुलती माघीकाकी मात्र पहिल्या दिवसापासून त्या चुलीवर रांधू लागली. तिच्याकडे कारण होतं.

त्याच वर्षी उन्हाळ्यात तिची सून प्रतिभा लाकडांची मोळी घेऊन डोंगर उतरताना घसरून पडली होती. पोटुशी होती. पोर गेलं. माझ्या लहानपणी पाड्यामागचा डोंगर ऐनाच्या झाडांनी भर दुपारी काळोखा असायचा. आता तिथं नुसती खोडं उरली होती आणि बायका सरपणाला डोंगरापलीकडे जात होत्या. प्रतिभा अंथरुणाला खिळली होती तेव्हा काकी चुलीपुढे बसून पुन्हापुन्हा एकच बोलायची, "आपन भाकर खातू का डोंगर खातू?"

दिवाळीनंतर नवी चूल आली आणि काकीनं घराची रीतच बदलली. आमच्याकडे चुलीत एक जाडजूड ओंडका रात्रंदिवस धुमसत ठेवायचे. तिनं ते बंद केलं. भात अर्धा शिजला की ती चूल विझवायची आणि भांडं पेंढ्यात दाबून ठेवायची. अंघोळीचं पाणी उन्हात तापवायची. तोंडानं फटकळ. कुणाच्या छपरातून जास्त धूर दिसला की दारात उभी राहून विचारायची, "कुनाचां लगीन हाय गो तुज्या घरात?" बायका चिडायच्या, हसायच्या, पण चार घरांनी चुलीतल्या कोंबड्या उठवल्या. चैत्रात डोंगरावरच्या खोडांना धुमारे फुटले. काकी मला हाताला धरून ते दाखवायला घेऊन गेली. इतकी खूश मी तिला तिच्या मुलाच्या लग्नातही पाहिली नव्हती.

एक गोष्ट मात्र सगळेच विसरले. भाताचं बियाणं पेंढ्यात बांधून चुलीवरच्या माळ्यावर ठेवायचं, ही आमची पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत. ते पेरणीपर्यंत धुरात राहायचं, म्हणून त्याला कीड लागत नसे. हे कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं. माळा चुलीवर असतो आणि बी माळ्यावर, एवढंच ठाऊक. आता धूर नळीतून थेट छपराबाहेर जात होता.

शेतात पालापाचोळ्याचा राब भाजून जमीन तयार झाली आणि बियाणं खाली काढलं. पेंढा सोडताच आतून बारीक पाखरं उडाली. हातात आली ती पोकळ टरफलं आणि पीठ. काकीच्या घरात तेच, बाकीच्या चार घरांतही तेच. लाल हळव्या, लवकर पिकणाऱ्या भाताचं ते बी, आमच्या उतरणीवर तेच पिकायचं. शेजारच्या धोंडीनं ते पीठ मूठभर घेतलं आणि काकीच्या पायांवर टाकलं. "घे. खा तुजा डोंगर," ती म्हणाली.

बी वाचलं ते सखाच्या घरात. त्याच्या नव्या चुलीत अजून कोंबडीच होती, रांधणं जुन्या धुराच्या चुलीवर! त्यानं सगळ्यांना ओंजळ-ओंजळ दिलं, म्हणून ते लाल भात पाड्यावर टिकलं. बाकी पेरणी खोडाळ्याच्या बाजारातल्या बियाण्यावर झाली आणि त्या वर्षी पीक नावापुरतंच आलं. बायकांनी नळ्या फोडून चुलीत पुन्हा ओंडके धुमसत ठेवायचं ठरवलं. एका सकाळी कोयते घेऊन सगळ्या निघाल्या, डोंगरापलीकडे नाही, जवळच्या त्या धुमाऱ्यांकडेच. त्यांत प्रतिभाही होती, पुन्हा दिवस गेलेली, कमरेला दोर बांधलेली. "आये, धुराबिगर बी राहत नाय," ती मान खाली घालून म्हणाली.

काकीनं तिच्या कमरेचा दोर सोडून घेतला आणि सगळ्यांच्या वाटेत उभी राहिली. "धूर पायजे ना? मी करीन. सगल्यांचां बी माज्या पडवीत टांगा. पण नळ्या फोडू नका नि डोंगराला हात लावू नका."

बैल विकल्यापासून काकीची कुडाची पडवी रिकामीच होती. दिवाळीनंतर पाच घरांच्या बियाण्याच्या पेंढ्या तिथं टांगल्या गेल्या. खाली काकी तूस, पाचोळा आणि शेण्या धुमसत ठेवायची, लाकूड नाहीच. त्यानं धूर दाट व्हायचा. ठिणगी उडाली तर वरचा पेंढा पेटेल म्हणून कुणीतरी तिथं बसणं भागच होतं. ती बसायची. दरवर्षी, दिवाळीपासून पेरणीपर्यंत.

मी मोखाड्याला पंचायत समितीत कारकून, घरात गॅस. सुट्टीत गेलो की पडवीच्या दारातूनच माझे डोळे झोंबायचे. "काकी, बी राखतेस की स्वतःला वाळवतेस?" मी एकदा चिडून विचारलं. ती खोकत हसली. "पाच घरांचा धूर एकीनं खाल्ला तर काय बिघडलां? प्रतिभाच्या पोरीच्या डोक्यावर मोळी नको." मोखाड्याच्या डॉक्टरनं छाती तपासून विचारलं, विडी किती ओढता? त्यावरही ती हसली, आणि मग तिला श्वासच घेता येईना.

ती दोन हजार पाचच्या हिवाळ्यात गेली. डोंगरावरचे ऐन तेव्हा माणसापेक्षा उंच झाले होते. ते माझ्या काकीनं वाढवले आणि त्यांनी तिला खाल्लं, असं मला वाटतं आणि अजून संताप येतो. दिवसकार्य झाल्यावर बायका पडवीत जमल्या. वर पेंढ्या काजळीनं काळ्या झालेल्या, पेरणी अजून लांब. धोंडी आता म्हातारी झाली होती. तिनंच विचारलं, "आता धूर कुनी खायचा?"

बायका वरच्या पेंढ्यांकडे बघू लागल्या. मी कशाच्या तोंडानं बोलणार होतो?

प्रतिभा उठली. तिची मुलगी निशा पदर धरून उभी होती, तिला तिनं दाराबाहेर नेलं. "अंगणात खेल. आत यायचां नाय," म्हणाली. मग सुपात तूस घेऊन ती आत गेली आणि दार ओढून घेतलं. ज्या सुनेला जपायला काकी त्या धुरात बसली, तीच आता आत होती. बायका एकेक करून निघून गेल्या. मी निशाजवळ अंगणात उभा राहिलो. थोड्या वेळानं कुडातून धूर येऊ लागला आणि आतून खोकल्याचा आवाज आला.