‘घे’ म्हणायचं नाही

नाटकमंडळीत तिला तोंडावर ‘ताई’ म्हणत आणि पाठीमागे ‘मेनस्विच’. ती बंद पडली की सगळंच बंद, म्हणून. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सत्तावीस वर्षं काढलेली बाई. कानाला यंत्र आणि तोंडापुढे माइक, यातच हयात गेली. मंडळी हौशी, नट आपापला कामधंदा सांभाळून यायचे आणि टाळ्या घेऊन जायचे. शिडी धरायची, वायरींवर काळी चिकटपट्टी मारायची, दर प्रयोगाला डोळे मिटणारा तो एक दिवा बदलायचा, हे सगळं ताईकडे. बावीस वर्षं झाली. आता गुडघे शिडी बघूनच कुरकुरत.

प्रेक्षकांच्या मागे काचेचं एक खोपट होतं, तिथं बसून ती सगळा प्रयोग हाकायची. तिचा कायदा एकच: माइकवर ‘घे’ हा शब्द फुकट वापरायचा नाही. वहीत दिव्यांच्या प्रत्येक बदलाला नंबर असे; आधी ‘बारा नंबर, तयार’ म्हणायचं, मग ‘घे’, की तिकडे विंगेत लाइनमनने बटण दाबलंच. हा लाइनमन वीजखात्यातून निवृत्त झालेला, ताईपेक्षा पाच वर्षांनी मोठा. ती एरवी त्याला अहो-जाहो करी, पण हा शब्द मात्र एकेरीच. त्याच्या जागेवरून रंगमंच दिसत नसे. ताईच्या आवाजावर त्याचं बोट चाले. चहाचा कप पुढे करतानासुद्धा लोक ‘ठेवलाय बघा’ म्हणत. एकदा कुणी चुकून ‘घे गं बिस्किट’ म्हणालं, तर लाइनमनने भर दुपारच्या प्रवेशात चांदणं पाडलं होतं. ते तालमीत, म्हणून निभावलं.

आणि घरी? घरी तिला दिवसभर तोच शब्द. आई अंथरुणाला खिळून दीड वर्ष झालं. ‘आई, घास घे. पाणी घे. कूस घे.’ चारची हृदयाची गोळी तर ती लेकीच्याच शब्दावर घेई. रविवारी प्रयोग असला की धाकटी भावजय येऊन बसे; पण म्हातारी तिच्यापुढे दातखीळ बसल्यासारखी ओठ मिटून घेई. मागच्या खेपेला गोळी चुकली आणि रात्री आईचा श्वास लागला. डॉक्टर म्हणाले होते, पुन्हा असं नको. तेव्हापासून ताई दर प्रयोगाला ठरवायची, हा शेवटचा. आणि दर वेळी दिग्दर्शक म्हणायचा, “ताई, तुमच्याशिवाय आहे कोण?”

त्या रविवारी तीनचा प्रयोग होता. दुसऱ्या अंकात बाप मुलाचं पत्र वाचतो, वाचून संपतं आणि काळोख होतो. लाइनमनचा हात जरा जड, म्हणून ताई दोन पानं आधीच सांगायची. तसं सांगितलं, “सव्वीस नंबर, तयार.” तेवढ्यात मांडीवरचा फोन थरथरला.

“ताई, ऐकतच नाहीत हो,” भावजय रडकुंडीला आलेली. “गोळी दोनदा थुंकून टाकली. मी कानाशी धरते फोन, तुम्हीच सांगा.”

ताईने तोंडापुढचा माइक बाजूला सारला. बंद करायचा राहिला. हळूच, मायेने म्हणाली, “आई, घे गं.”

रंगमंचावर काळाकुट्ट अंधार.

पत्र अर्ध्यावर होतं. बापाचं काम करणारा शिंपी जागच्या जागी गोठला. मग कुठून तरी त्याचा आवाज आला, “दिवा गेला वाटतं.” इतका वेळ डोळ्याला पदर लावून बसलेल्या बायका फिस्सकन हसल्या.

“आता हो काय?” लाइनमन कानात विचारत होता. तिने माइक ओढला आणि एक्स्चेंजमधल्या त्या कोरड्या, खणखणीत आवाजात म्हणाली, “पंचवीस नंबर परत. तयार. घे!”

उजेड आला. आणि दुसऱ्या कानात भावजय ओरडली, “घेतली हो ताई! गिळली पण!”

मायेने म्हटलं ते लाइनमनने ऐकलं, दरडावून म्हटलं ते आईने. ताईला हसू आलं नाही. तिने फोन ठेवला आणि उरलेला अंक पुरा केला.

पडदा पडल्यावर ती दिग्दर्शकासमोर उभी राहिली. “चूक माझी. फोनवर आईशी बोलत होते.”

“होतं एखाद्या वेळी.” तो खांद्यावर थोपटत म्हणाला. “बावीस वर्षांत पहिलीच.”

“घोडं लावलंत हो माझ्या पत्राला!” शिंपी पलीकडून करवादला. कुणीतरी रागावलं, तेवढंच काय ते तिला बरं वाटलं.

“आज निभलं,” ती म्हणाली. “कधीतरी तुमच्या नादात आई जाईल, नाहीतर आईच्या नादात तुमचा कुणीतरी अंधारात खाली पडेल. दोन्हीकडे एकच जीभ पुरत नाही. मी थांबले.”

“पण ताई, तुमच्याशि...”

“मावशी आहेत.”

कपडे सांभाळणाऱ्या मावशींना नाटक तोंडपाठ होतं. त्यांनी हातातली इस्त्री तशीच धरून “अगं बाई, मी?” केलं. पण ताईने त्यांना तिथल्या तिथे खोपटात नेऊन बसवलं, कानाला यंत्र लावलं आणि वही पुढे सरकवली. लाइनमन विंगेत गेला.

“सव्वीस नंबर, तयार,” मावशी म्हणाल्या. मग पदर सावरला. शेवटी अगदी आर्जवाने, “घ्या.”

काहीच झालं नाही.

“मावशी,” लाइनमनचा आवाज आला, “घ्या म्हटलं की मला पानात वाढल्यासारखं वाटतं.”

“अहो, वडीलधारे तुम्ही! एकेरी कसं बोलू?”

“नवऱ्यावर ओरडता तसं बोला,” ताई म्हणाली.

“त्यांनाही मी अहोच म्हणते!”

चार वेळा झालं. ‘घ्या ना’ झालं, ‘घेता का’ झालं. ताई मागे भिंतीला टेकून उभी होती. गुडघे ठणकत होते. माइक आपणच ओढावा, एकदा म्हणून टाकावं, असं तिच्या मनात आलं. तिने हात पदरात गुंडाळून घेतले.

पाचव्यांदा मावशींनी डोळे गच्च मिटले आणि किंचाळल्या, “घे रे मेल्या!”

अंधार झाला. रिकाम्या नाट्यगृहात लाइनमन एकटाच खो-खो हसत सुटला, आणि मावशी अंधारातच त्याची माफी मागू लागल्या. ताईने चाचपडत पिशवी शोधली, चपला पायात सरकवल्या आणि उजेड यायची वाट न बघता बाहेर पडली.