पनागरचा स्लॅब

नीलकंठ भोयर चाळीस वर्षं दुसऱ्यांची घरं बांधत आला. जबलपुरात असा मोहल्ला शोधून सापडणार नाही, जिथे त्याने उभी केलेली एखादी तरी भिंत नाही. स्वतः मात्र तो गोहलपुरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहिला, आणि त्याचं त्याला कधी वाईटही वाटलं नाही. शिंपी काय सगळे शिवलेले कपडे स्वतः घालतो, असं म्हणायचा.

त्रेसष्टाव्या वर्षी गुडघ्यांनी साथ सोडली, तेव्हा त्याने काम बंद केलं. त्याच वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी बायको गेली. पुष्पाला ताप आला आणि चौथ्या दिवशी सगळं संपलं. तेव्हापासून नीलकंठ सकाळी उठायचा, अंघोळ करायचा, ताटावर बस म्हटलं की बसायचा. भाजीत मीठ नसलं तरी बोलायचा नाही. त्याला ते कळायचंच नाही.

घर आता मुलगी चालवत होती. दीपा तिशीची, लग्न न झालेली, रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये नोकरीला. घरमालकाला खोल्यांच्या जागी लोखंड कातायचं खराद मशीन बसवायचं होतं. संक्रांतीपर्यंत जागा सोडा, असं त्याने सांगितलं होतं. दीपाने पाटन रोडवर तिसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट पाहिला. नीलकंठ सोबत गेला. बिल्डरचा माणूस खिडकीतून दिसणारी मोकळी जागा दाखवत होता, तेवढ्यात नीलकंठ खाली बसला आणि बोटाच्या पेराने फरशा वाजवू लागला.

"अकरा पोकळ आहेत," तो म्हणाला. "बदलून द्या."

अकरा फरशा बदलल्या. कर्ज मंजूर झालं. हप्ता तेवढा दीपाच्या पगारात बसत नव्हता.

तो बसवायचा मार्ग केतनने काढला. केतन कर्जाची कागदपत्रं जमवून देणारा एजंट. पहिल्यांदा घर घेणाऱ्याला सरकार व्याजात सूट देतं, पाच वर्षांत मिळून एक लाख ऐंशी हजारांपर्यंत, हे त्यानेच सांगितलं. दीपाचं लग्न झालेलं नाही म्हणून कुटुंबात बापही धरतात, असं सांगून दोघांची आधार कार्डं त्याने नेली आणि एका रविवारी दोघांच्या सहीचं शपथपत्र घेऊन आला.

"अंकल जी, बस यहाँ साइन."

नीलकंठने चष्मा लावला. न वाचता सही करायची त्याला सवय नव्हती. माझ्या किंवा माझ्या कुटुंबातल्या कोणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर नाही, असं त्यात लिहिलं होतं. त्याने पेन खाली ठेवलं.

"माझ्या नावावर आहे."

"बाबा, ते पनागरचं? ते तर काकांचं आहे."

"काका राहते तिथं. नाव दोघायचं आहे."

केतनने कपाळ चोळलं. "कैसा मकान है, अंकल जी?"

"एक खोली. बारा बाय चौदा. स्लॅब टाकलेला."

"कितना पुराना?"

"सव्वीस वर्षं."

"लो! छब्बीस साल! वो तो टपकता होगा. कच्चा लिख देते हैं ना. मिट्टी की दीवार, ऊपर टीन. देखने कौन जा रहा है?"

"टपकते का नाही, मले माहीत नाही."

"तो?"

"पाहून येतो. गळत असंल तर सही करतो."

केतन हसला. "दीदी, आपके पापा तो इंजीनियर निकले."

"मिस्त्री आहेत," दीपा म्हणाली. ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी नीलकंठ पिशवीत हातोडी खोचून शहराबाहेरच्या पनागरच्या बसमध्ये बसला. स्लॅब खराब निघावा, असं त्याला मनापासून वाटत होतं. मग पोरीचं काम होईल आणि खोटंही बोलावं लागणार नाही.

धाकटा भाऊ तुळशीराम दारात मटाराची पोती शिवत होता. "भाऊ, हातोडी घेऊन काहून आला? मले मारतं का?"

"शिडी दे."

"आधी चहा तर घे." त्याने आत बायकोला हाक मारली. "विनता, भाऊ आला! आन् हातोडी घेऊन आला, जरा सांभाळून!"

चहा घेताना नीलकंठने येण्याचं कारण सांगितलं. मग तो आत गेला, खाटेवर उभा राहिला आणि छत पाहू लागला. पाणी उतरल्याचा एकही डाग नव्हता. सळईला गंज धरला की सिमेंट फुगतं, तसं कुठे फुगलेलं नव्हतं. चारही कोपरे, मग मधला भाग, त्याने हातोडीने वाजवून पाहिले. पोकळ जागा भद्द वाजते. इथे प्रत्येक ठोका सारखाच लागत होता. बाहेर येऊन तो शिडीने गच्चीवर गेला आणि वरूनही वाजवला.

हा स्लॅब त्याने एका दिवसात टाकला होता. स्लॅब मध्ये थांबवता येत नाही. थांबलं की जोड राहतो आणि जोडातून पाणी उतरतं. त्या दिवशी आठ माणसं यायची होती, सहाच आली. दोन माणसांची जागा पुष्पाने एकटीने घेतली. चार वर्षांच्या दीपाला विनताच्या ओटीत देऊन ती शिडीच्या मधल्या पायरीवर उभी राहिली आणि सकाळी सातपासून दिवेलागणीपर्यंत खालची घमेली वर देत राहिली. बारा पोत्यांचा माल तिच्या हातून वर गेला. तिने ना घमेलं सांडलं, ना हात सोडला. स्लॅब नीट घट्ट व्हावा म्हणून पुढचे एकवीस दिवस सकाळ-संध्याकाळ वर चढून पाणी भरायचं कामही तिनेच केलं. नीलकंठ जबलपुरात दुसऱ्याच्या घरावर होता. एक दिवसही खाडा झाला नाही, हे त्याला विचारावं लागलं नव्हतं. स्लॅब वाजवला की कळतं.

तो कठड्याला टेकून उभा राहिला. आता रडू येईल असं त्याला वाटलं. त्याने थोडा वेळ वाट पाहिली. आलं नाही. खाली विनता कोंबड्यांना हाकलत होती.

"काय म्हणते तुझा स्लॅब?" तुळशीरामने खालून विचारलं.

"चांगला आहे."

"मंग लिहून टाक ना कच्चं. स्लॅब काय कोर्टात येऊन राहिला?"

नीलकंठ एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत खाली उतरला. हात धुतले.

"ह्याले कच्चं म्हणणं माझ्यानं होणार नाही," तो म्हणाला. "एकवीस दिवस पाणी मारलं तिनं."

तुळशीरामला वहिनीचा तो दिवस आठवत होता. सहा माणसांत तोही एक होता. त्याने सुई पोत्यात खोचून ठेवली.

"ही खोली आपल्या तुळशीरामच्या नावानं करून टाकतो," नीलकंठ विनताला म्हणाला. "माझं नाव काढलं की मंग सही खरी होते."

"भाऊजी, आम्ही कधी काही मागितलं नाही," विनता घाबरून म्हणाली.

"माहीत आहे."

"भाऊ, लोकं म्हणतील धाकट्यानं घर खाल्लं," तुळशीराम म्हणाला. "आन् उद्या तुले इथं यावंसं वाटलं तर?"

"तर तू मटार खाऊ घालशील."

"ते तर आताही घालून राहिलो. दोन पोती ने."

त्या दिवशी तो पाच किलो घेऊन परतला. दीपाने सगळं ऐकून घेतलं. "मी तुम्हाला हिस्सा सोडायला नाही सांगितलं, बाबा," ती म्हणाली. "सूट नसली तरी मी पाच वर्षं जास्तीचा हप्ता भरीन."

"बसते का पगारात?"

तिने मटार परातीत ओतले.

"मंग झालं."

कागद व्हायला तीन आठवडे गेले. रजिस्ट्रीच्या दिवशी तुळशीराम इस्त्रीचा सदरा घालून नोंदणी कचेरीत आला. नीलकंठने आपला हक्क सोडल्याचा दस्त संगणकावरच्या मुलीने वाचून दाखवला. "एक कमरा, आरसीसी छत, पक्का निर्माण. सही है, बाबूजी?"

"सही है."

"अंगूठा रखिए."

मशीनने अंगठा घेतला नाही. तिने काच पुसली, त्याला बोट पुसायला लावलं, पुन्हा ठेवायला सांगितलं. दुसरा अंगठाही घेतला नाही.

"रेखाएँ ही नहीं हैं," ती म्हणाली.

"सिमेंटानं गेल्या."

एकेक बोट करत डाव्या हाताची करंगळी लागली. तिथे थोड्या रेषा उरल्या होत्या. मशीन वाजलं आणि खोली तुळशीरामची झाली. नीलकंठने करंगळी सदऱ्याला पुसली. आत काही तुटल्यासारखं, काही सुटल्यासारखं झालं नाही. बाकावर बसून तो पुढच्या कागदाची वाट पाहू लागला.

बाहेर टायपिस्टच्या टेबलाशी केतन नवं शपथपत्र घेऊन उभा होता. "अंकल जी, एक लाइन का काम था. आपने महीना लगा दिया."

"महिना तर स्लॅब पक्का व्हायलेही लागते," नीलकंठ म्हणाला. त्याने कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. देशात कुठेही त्याच्या नावावर घर नव्हतं. त्याने पूर्ण नाव लिहून सही केली. दीपाने त्याखाली केली.

केतन कागद घेऊन गेला. तुळशीरामने सगळ्यांसाठी खव्याची जिलबी आणली होती. नीलकंठने एक खाल्ली. कशी आहे, असं तुळशीरामने विचारलं, तर तो म्हणाला, गरम आहे.

पनागरची बस लागली. तुळशीराम पाया पडायला वाकला.

"हे पाह्य," नीलकंठ म्हणाला, "गच्चीवर मटाराचा पाला वाळू घालत असतं तू. मी पाहिलं. पाला पाणी धरून ठेवते. उद्याच काढ."

"काढतो, भाऊ."

"आन् झाडू मार. नुसता हातानं ओढू नको."