केसभर मागे

गाण्याच्या कार्यक्रमाला गेला की बुद्धभूषण तायडे आधी पार्किंगमध्ये उभा राहतो. दोन स्कुटरींच्या मधे, डोळे मिटून, चांगली दोन मिनिटं. आतला बास, म्हणजे गाण्याच्या तळाशी घुमणारा तो खर्जाचा आवाज, तिथपर्यंत पोचत असेल तर आत जायचं, नाहीतर गाडी काढून सरळ घर गाठायचं, मग तिकीट खिशात का असेना. बायको आम्रपाली हल्ली त्याच्याबरोबर जाताना स्वतःची स्कूटर वेगळी नेते. "तुझा निकाल लागेपर्यंत मी थांबणार नाही," म्हणते, आणि आत जाऊन सबंध कार्यक्रम ऐकून येते.

वय वर्षं सत्तेचाळीस. दिवसा स्वारगेटजवळच्या एका विमा कचेरीत लोकांच्या मरणाचे दावे निकाली काढायचे आणि उरलेल्या वेळात बास गिटार वाजवायची, असं त्याचं आयुष्य. बास म्हणजे ती लांब मानेची, चार जाड तारांची. सोसायटीतल्या एका निवृत्त प्राध्यापकांनी लिफ्टमध्ये तिच्याकडे निरखून बघत विचारलं होतं, "दोन तारा तुटल्या वाटतं? बसवून घ्या की." बुद्धभूषण नम्रपणे म्हणाला, "बसवल्या असत्या हो, पण मग मला पुढे उभं राहावं लागलं असतं." प्राध्यापक सातव्या मजल्यापर्यंत त्यावर विचार करत होते.

संगीताविषयी त्याची मतं ठाम आहेत आणि कोणी न मागताही ती मिळतात. तुमचा आवडता बँड कोणता, असं तरुण पोरं विचारतात. त्यांना वाटतं, हा एखादं भारी इंग्रजी नाव टाकेल. हा म्हणतो, "मंडईजवळचा वरातीचा बँड." त्या बँडात एक माणूस अंगाभोवती भला मोठा पितळी भोंगा गुंडाळून चालतो. घोडी बिथरो, नवरदेवाचा मामा नाचता नाचता आडवा होवो, त्याचं 'भों भों' ठरल्या जागी येणारच. एकदा त्या भोंग्यामागे बुद्धभूषण कार्यालयापर्यंत चालत गेला. मुलाकडच्यांना वाटलं हा मुलीकडचा, मुलीकडच्यांना वाटलं मुलाकडचा, आणि दोघांनीही आग्रह करून त्याला पंगतीत बसवलं. जिलबी चांगली होती, हे तो अजून प्रामाणिकपणे सांगतो.

शास्त्रीय मैफलीत तो गवयाकडे बघतच नाही. मागे तानपुरा घेऊन बसलेल्याकडे बघतो. "गवई पाणी पितो, शाल सावरतो, मधेच रुसतो. तो बिचारा हललाय का?" पबमधल्या बँडांचं वर्णन तो तीन गिटारी आणि एक भांडण एवढ्यात उरकतो. मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतींना तो बास म्हणायलाच तयार नाही. त्याला भूकंप म्हणतात, त्याचं खातं वेगळं. मग पुण्यातला सगळ्यात चांगला बास कोणाचा? तर विहारातल्या हिरामावशींचा. रविवारी बायका जमून गाणी म्हणतात, तेव्हा हिरामावशी टेबलावर मूठ आपटून ठेका धरतात. ना तार, ना वायर. त्याने हे मत मावशींच्या कानावर घातलं तेव्हा त्या घाबरून म्हणाल्या, "टेबल विहाराचं आहे रे बाबा, कमिटीला सांगू नकोस."

त्याचा स्वतःचा बँड 'चौथा मजला'. कोथरूडमध्ये विश्वजीतच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तालीम होते, म्हणून हे नाव. विश्वजीत गातो आणि बँड चालवतो, कल्याणी कीबोर्डवर, सौमित्र ड्रमवर. तिघंही तिशीच्या आसपासची, कॉम्प्युटरवर पोट असलेली, आणि बुद्धभूषणला 'दादा' म्हणणारी. नऊ वर्षं तो त्यांच्या मागे उभा आहे. उभा म्हणजे अगदी खांब. एका लग्नात मांडववाल्याने दिव्यांची माळ ओढता ओढता ती त्याच्या खांद्यावरून नेली होती आणि त्यानेही गाणं संपेपर्यंत ती काढली नव्हती. कारण बास वाजवताना तो मात्रा मोजत असतो, आणि मोजणाऱ्या माणसाला नाचता येत नाही.

तर या बँडचा नाट्यगृहातला पहिला तिकिटांचा कार्यक्रम ठरला. आठवडाभर आधी तालमीत विश्वजीतने लॅपटॉप उघडला. पडद्यावर उभ्या रेघाच रेघा.

"दादा, राग मानू नका. ही रेघ म्हणजे ठेका, आणि हे तुमचं वाजवणं. बघा ना, प्रत्येक वेळी थोडं मागे. केसभरच, पण मागे."

बुद्धभूषणने चष्मा वर करून पाहिलं. खरंच होतं. एकदा नाही, दोनदा नाही, नऊ गाण्यांत सगळीकडे तो केसभर मागे होता.

"म्हणून या शोला बास लॅपटॉपवरून सोडू या. एकदम क्लीन येईल," विश्वजीत म्हणाला. "पण पोस्टरवर आपले चौघांचे फोटो गेलेत. तर तुम्ही फक्त उभे राहा. वायर लावायची नाही, नुसती ॲक्टिंग. पुढच्या शोचं मग बघू."

पुण्यात 'बघू' म्हणजे 'नाही', हे बुद्धभूषणला जन्मापासून ठाऊक. "चालेल की," तो म्हणाला. कल्याणी कीबोर्डच्या पट्ट्या पुसत राहिली, तिने मान वर केली नाही. घरी जाताना एका सिग्नलला मागच्या रिक्षावाल्याने तीनदा भोंगा वाजवला तेव्हा त्याला कळलं की दिवा हिरवा होऊन गेलाय आणि आपले डोळे भरलेत. आयुष्यभर लोकांच्या मागे उभं राहायची हौस त्याने भागवून घेतली होती. आता आपण तिथून निघून गेलो तरी कोणाचं काही अडणार नाही, हे मात्र त्याला फार लागलं.

ही गोष्ट त्याने घरी लपवून ठेवली. आम्रपालीचं आणि वडिलांचं तिकीट त्याने आधीच काढून ठेवलं होतं.

वडील भीमराव, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. अकोल्याहून खडकीच्या कारखान्यात नोकरीला आले आणि यंत्रांच्या गदारोळात उजवा कान देऊन बसले. डावा अर्धामुर्धा उरला. तरुणपणी जयंतीच्या दिवसांत गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे. मुलगा तीस वर्षं बास वाजवतोय, त्यावर त्यांनी बरा-वाईट एक शब्द काढलेला नव्हता. त्यांना ऐकूच येत नाही, तर बोलणार काय, अशी बुद्धभूषणने स्वतःची समजूत घालून घेतली होती.

रविवारी संध्याकाळी पाचला पडदा वर गेला. बुद्धभूषणच्या पायाशी बासची वायर नुसती पडून होती. सोंगच घ्यायचं तर पुरतं घ्यावं, असं त्याने ठरवलं होतं. मोजायचं काही नव्हतंच. पहिल्या गाण्यात त्याने मान हलवली, दुसऱ्यात कंबर. तिसऱ्यात तो थेट विश्वजीतच्या पुढे आला, गुडघ्यावर बसला आणि बास आभाळाकडे रोखून अशी काही बोटं फिरवली की बाल्कनीतून शिट्ट्या आल्या. विश्वजीतला आपली ओळ आठवेना. चौथ्या गाण्यात दादांनी स्वतःभोवती गिरकी घेतली, तेव्हा सौमित्रची काठी हातातून निसटली.

मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत त्याला लोकांनी गाठलं. एक काका म्हणाले, "वा! याला म्हणतात वाजवणं." एका बाईंनी सेल्फी काढला. "काय बास वाजवता हो! अंगावर काटा आला," त्या म्हणाल्या. उभ्या आयुष्यातलं हे त्याच्या बासचं पहिलं कौतुक, आणि तेही न वाजवलेल्या बासचं. तो हसून 'थँक यू' म्हणाला आणि वडा तसाच कागदात गुंडाळून ठेवला.

तेवढ्यात गर्दीतून काठी टेकत भीमराव आले. चाळीसहून जास्त वर्षं पुण्यात काढून त्यांची भाषा बरीच इथली झाली होती, पण रागावले की अकोला वर यायचं.

"काऊन रे, आज वाजवत काऊन नव्हता तू?"

बुद्धभूषणने आजूबाजूला पाहिलं. "बाबा, एवढा नाचलो. दिसलो नाही का?"

"दिसला ना. माकडावाणी दिसला. आला नाही."

"तुम्हाला कुठे ऐकू येतं?" त्याच्या तोंडून निघूनच गेलं.

"कानानं नाही येत," भीमराव शांतपणे म्हणाले. "खुर्चीच्या दांडीवर हात ठेवला का तू येतं. आज आलं ते दुसरंच कोणी होतं. एकदम येळेवर. तू केसभर मांगं असतं. लहानपणी माझ्या ढोलकीसंग टाळी वाजवे, तवापासून मांगं. म्या कधी टोकलं नाही. काऊन का गाणाऱ्याले त्यात दम घ्याले जागा भेटते."

तीस वर्षं हा माणूस कुठल्या कुठल्या हॉलमध्ये, मांडवात, खुर्चीच्या दांडीवर हात ठेवून आपल्याला ऐकत होता, आणि आपण त्याला बहिरा म्हणून सोडून दिलं होतं. बुद्धभूषणला लाज वाटली आणि त्याच वेळी फार आनंद झाला.

"तू मले तुयं तिकीट देल्लं होतं," भीमराव म्हणाले, "मशीनचं नाही." आणि ते चहाच्या रांगेतल्या सुनेकडे निघून गेले.

बुद्धभूषण तडक प्रेक्षागृहाच्या मागच्या टोकाला गेला. तिथे साउंडवाला संभाजी आवाजाच्या मिक्सरपुढे पाय वर घेऊन बसला होता. हडपसरपलीकडच्या गावचा, पंचवीस वर्षं ऑर्केस्ट्रांचे आवाज सांभाळलेला माणूस.

"संभाजीराव, माझ्या बासची लाइन मिक्सरपर्यंत टाकता येईल का?"

"टाकलेलीच हाय की दादा. बासवाला हाय म्हटल्यावर लाइन टाकायची, एवढंच मला ठावं. वायर लावू नका असं त्यांनी तुम्हाला सांगितलं. मला कोण काय बोललं?" संभाजीने एक बटण खाली ओढलं. "लॅपटॉपचा बास झोपवला. ड्रमवाल्याच्या कानातली ठेक्याची टिकटिक तेवढी ठेवतो. तुम्ही वायर खोचा आणि व्हा खांब."

मध्यंतरानंतर बुद्धभूषणने वायर खोचली आणि मागे जाऊन उभा राहिला. हलला नाही. पहिला सूर लागला तसा सौमित्र ताठ बसला. कल्याणीने चमकून मागे पाहिलं, मग पुढे बघून हसली आणि तिचे हातही सैल झाले. विश्वजीत बँडचा आवाज ऐकवणारी यंत्रं कानांत घालून, डोळे मिटून गात होता. तिसरं गाणं संथ होतं. एरवी त्यातल्या लांब ओळीला त्याचा श्वास तुटायचा. आज ओळ संपून पुढची सुरू होईतो त्याला कुठूनशी सवड मिळाली, आणि पुढची ओळ त्याने अशी धरून ठेवली की सभागृह गप्प झालं. बुद्धभूषण मोजत होता. प्रत्येक वेळी तो केसभर मागे येत होता आणि जन्मात पहिल्यांदाच त्याला आपण कुठे आहोत ते नेमकं ठाऊक होतं. चौथ्या रांगेतल्या सेल्फीवाल्या बाई शेजारणीला म्हणाल्या, "बासवाले दमले वाटतं."

टाळ्या थांबल्यावर मंडळी रंगपटात जमली. आम्रपाली भीमरावांना हात धरून घेऊन आली. विश्वजीत घामाने निथळत होता, पण त्याचा चेहरा फुलला होता.

"दादा, सेकंड हाफ ऐकलात ना? काय मोकळं वाटलं गाताना! फर्स्ट हाफला लॅपटॉप जरा कडक जात होता, नंतर काय सेट झालाय! आता ठरलं. यापुढे बास लॅपटॉपवरच."

कल्याणीला खोकला आला. सौमित्र बुटाची नाडी बांधायला खाली वाकला तो वर येईना. बुद्धभूषणच्या जिभेवर एकाहून एक तिखट पाच उत्तरं तयार होती, त्यातलं कोणतं सोडावं हे ठरत नव्हतं.

भीमरावांनी डाव्या कानामागे हात धरला. "काय म्हणतात हे?"

बुद्धभूषण वाकला आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांच्या कानात म्हणाला, "म्हणतात, मध्यंतरानंतर लॅपटॉपने फार छान वाजवलं."

भीमरावांनी मान डोलावली. काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात विश्वजीतपुढे केला.

"जय भीम," ते म्हणाले. "मी त्या लॅपटॉपचा बाप."