नऊ नंबरची पाहुणी

व्हेल्डा बॉइसचं घर हॅलेट हॉटेलच्या मागच्या दारापासून चालत सात मिनिटांवर. तरी त्या शनिवारी ती टॅक्सी करून आली, कारण टॅक्सी पुढच्या दाराशी थांबते. एकतीस वर्षं ती मागच्या दाराने आत शिरली होती, गॅसच्या टाक्या आणि फरशी पुसायच्या बादल्या ओलांडत. आज तिला पुढून जायचं होतं. अंगात चर्चला जाताना घालायचा पिवळा झगा, डोक्यावर नवी गवती हॅट आणि हॅटखाली, आदल्या दिवशी मार्जोरीच्या दुकानात दोन तास बसून गरम कंगव्याने सरळ करून घेतलेले केस. हातात मैत्रीण अर्मीनची सूटकेस. ती जवळजवळ रिकामी होती, पण पाहुणी म्हटली की हातात सूटकेस हवीच.

निवृत्तीच्या दिवशी केक कापताना मॅनेजर ऑर्विल ट्रॉटमन म्हणाला होता की हॉटेलकडून भेट म्हणून मिस व्हेल्डांना दोन रात्रींचा मुक्काम, कुठलीही खोली मागा. त्याचं वाक्य संपायच्या आत तिने सांगून टाकलं, नऊ नंबर.

नऊ नंबर म्हणजे वरच्या मजल्यावरची कोपऱ्याची खोली. ते हॉटेल तसं साधंच, अकरा खोल्यांचं. खाऱ्या वाऱ्याने भिंतींचे पोपडे निघालेले, गरम पाणी लहर लागली तर येणार. ऐश्वर्य काय ते एकच, वीस पावलांवर समुद्र. नऊ नंबरच्या गॅलरीतून तो सगळा एका नजरेत मावायचा. व्हेल्डा रोज तिथे उभी राहून चादर झटकायची, आणि दोन श्वासांपुरता तिला समुद्र दिसायचा, चादरीच्या वरून. मग पुढची खोली. त्या पलंगावर ती एकतीस वर्षांत कधी नुसती टेकलीसुद्धा नव्हती.

तिची इच्छा अगदी छोटी होती. त्या पलंगावर सकाळी नऊपर्यंत लोळायचं, कुणीतरी चहा आणून द्यायचा, आणि ती उठून गेली की तो पलंग दुसऱ्या कुणीतरी आवरायचा. चर्चमधल्या झाडून सगळ्या बायकांना तिने हे सांगितलं होतं. आता माघार नव्हती.

आयुष्यभर विंगेत उभं राहून दुसऱ्यांना पोशाख चढवणारी बाई एकदाची प्रकाशात यावी, तशी ती पुढच्या दारातून आत आली. ट्रॉटमनने उठून गुड आफ्टरनून केलं, वाकून किल्ली दिली. आणि किल्लीबरोबर दोन टॉवेल तिच्या हातावर ठेवले. वर जातच आहात तर चार नंबरला एवढे द्या, म्हणाला. बिचाऱ्याच्या मनात काही नव्हतं. सवय. तिलाही सवयच. भानावर आली तेव्हा ती चार नंबरच्या दारावर दोनदा टकटक करून "हाउसकीपिंग" म्हणून चुकली होती.

चार नंबरमध्ये मिसेस प्रिंगल. बारा वर्षं दर फेब्रुवारीत इंग्लंडहून येणारी. या बेटावर माणूस दुकानात शिरला की आधी गुड आफ्टरनून म्हणतो आणि मग कांदे मागतो, हे तिला बारा वर्षांत उमगलं नव्हतं. दार उघडताच म्हणाली, "व्हेल्डा, बरं झालं बाई आलीस. नळ पुन्हा गळतोय."

"मी आज पाहुणी आहे, मिसेस प्रिंगल."

"हो का? छान. मग नळाचं कुणाला सांगू?"

तो नळ कसा बंद होतो हे साऱ्या हॉटेलात एकट्या व्हेल्डाला ठाऊक होतं. पाच मिनिटांनी ती बाहेर आली तेव्हा पिवळ्या झग्याची एक बाही कोपरापर्यंत भिजलेली होती.

खोलीत एसी खडखडत होता. त्याच्यामागे पुठ्ठ्याची घडी खुपसली की तो गप्प बसतो. पाहुणी दुरुस्त्या करत नसते, असं स्वतःला बजावून ती अर्धा तास हात मांडीवर घेऊन ते खडखडणं ऐकत राहिली. मग चडफडत उठली आणि नाश्त्याच्या कार्डाची घडी करून तिने ती मागे खुपसली.

रात्रीच्या जेवणाला तळलेला उडता मासा आणि कू-कू होता. मक्याचं पीठ भेंडीच्या पाण्यात घोटून करतात तो कू-कू, पण आज त्यात गुठळ्या होत्या. आचारी क्लाइड मुद्दाम बाहेर येऊन विचारता झाला, पाहुणीबाईंना कसं वाटलं? गुठळ्या आहेत, ती म्हणाली.

"मग आत ये आणि ढवळ," क्लाइड म्हणाला आणि निघून गेला.

रविवारी पहाटे पाचला तिचे डोळे उघडले. हरकत नाही, तिने ठरवलं, पडून राहू. ती तोंड धुवायला उठली, परत आली, आणि बघते तर पलंग आवरलेला. चादर ताणलेली, कोपरे घडी घालून गादीखाली दाबलेले, उशा फुगवलेल्या. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. हे आपण कधी केलं, तिला आठवेना.

दोष एकट्या नोकरीचा नव्हता. ती सहा वर्षांची असताना आईने बजावलं होतं की बिछाना उघडा टाकून घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. वाटेत मेलीस तर शेजारणी घरात येतील, आणि तुझ्याआधी तुझा बिछाना बघतील. बेटावरची प्रत्येक आई आपल्या मुलीला हेच सांगत आलेली आहे. आपली चुरगळलेली चादर परक्या बाईला दाखवायची म्हणजे काय!

व्हेल्डाने संतापून चादर ओढून काढली. पाच मिनिटं ती तशी बघत उभी राहिली. मग पुन्हा घातली.

आठ वाजता तमिषा चहा घेऊन आली. चोवीस वर्षांची, व्हेल्डाच्याच हाताखाली दोन वर्षं तयार झालेली. आधी तिने गुड मॉर्निंग केलं, मग पलंगाकडे पाहिलं. कप टेबलावर जरा जोरात आदळला.

"मला काम येत नाही असं ट्रॉटमनसाहेबांना सांगणार आहात का, मिस व्हेल्डा?"

"मी काही बोलले का पोरी?"

"बोलला असतात तर परवडलं असतं. दोन वर्षं मी घातलेला एकेक कोपरा तुम्ही माझ्यादेखत उसकटून पुन्हा घातलात. मला वाटलं, आता निवृत्त झालात."

"अगं, हाताला सवय..."

"मग घरीच झोपायचं होतं ना."

दार लागलं. चहात डब्यातलं दाट दूध नव्हतं, नुसतं पांढरं पाणी. व्हेल्डाने तो तसाच प्यायला. सगळा रविवार ते एक वाक्य तिच्या कानात कुसळासारखं रुतून राहिलं. दुपारी चर्च सुटल्यावर अर्मीन खोली बघायला आली, गॅलरीत उभी राहून समुद्राला वा वा म्हणाली, आणि आत वळून म्हणाली, "पलंग मात्र काय सुरेख आवरलाय गं त्या पोरीने."

सोमवारी अकराला खोली सोडायची होती. म्हणजे सकाळ एकच उरली. नऊपर्यंतचं लोळणं कधीच गेलं, चहाचंही हसं झालं. आता तिसरी गोष्ट, पलंग दुसऱ्या कुणीतरी आवरायची, तेवढी शिल्लक होती, आणि खोलीत थांबलं तर हात ऐकणार नाहीत हे तिला पक्कं कळलं होतं. उजाडताच तिने पोहण्याचा पोशाख घातला, केसांवर प्लास्टिकची टोपी घट्ट ओढली आणि दार गाठलं. मागे वळून पाहिलं. चादर अर्धी जमिनीवर, उशीत डोक्याचा खळगा. भर चर्चमध्ये उघड्या अंगाने चालल्यासारखं तिला झालं. जिन्यावरून ती दोनदा परत फिरली. दोनदा किल्ली कुलपाला लावली. तिसऱ्यांदा मात्र धावतच वाळूवर आली.

सकाळी तिथे गावातली म्हातारी मंडळी गुडघ्यांसाठी समुद्रात शिरतात आणि मानेपर्यंतच्या पाण्यात उभं राहून सगळ्या गावाची उणीदुणी काढतात. निवृत्त पोस्टमन हॉइटने तिला बघून हॅट काढली आणि पाहुणीबाईंना जागा द्या, असं सर्वांना फर्मावलं. लोक हसले. व्हेल्डाचं लक्ष नव्हतं. तिची नजर नऊ नंबरच्या गॅलरीवर होती.

ऊन वर आलं. मंडळी एकेक करून निघून गेली. हॉइट गेला. त्यांच्यातली अर्मीन तेवढी राहिली, तीही कुरकुरत. बोटांना सुरकुत्या पडल्या, आपण काय मासे आहोत का, म्हणाली. थांब, व्हेल्डा म्हणाली.

आठच्या सुमाराला गॅलरीचं दार उघडलं आणि तमिषा चादर घेऊन बाहेर आली. मागचं दार सताड उघडं ठेवून तिने समुद्राच्या वाऱ्यात चादर झटकली. वाऱ्याबरोबर किनाऱ्यावरची सगळी वाळू थेट खोलीत जाणार! असं करू नये, हेच दोन वर्षं शिकवलं होतं. व्हेल्डाचं तोंड उघडलं. "आधी दार लाव" हे शब्द जिभेच्या टोकावर आले. तिचा आवाज असा की अख्खा किनारा ऐकेल, आणि ऐकला की ती पुन्हा हाउसकीपिंग.

तिने खोल श्वास घेतला आणि सरळ पाण्याखाली बुडी मारली.

टोपी सुटून गेली. कानात नुसता घुमणारा पाण्याचा आवाज. छातीत दम होता तोवर ती खालीच राहिली.

वर आली तेव्हा तमिषा अजून तिथेच होती. चादर छातीशी धरलेली, हात थांबलेले. ती समुद्राकडे बघत होती. दोन श्वास झाले, व्हेल्डाने नकळत मोजले. तीन झाले, चार झाले. पाचव्याला तमिषा आत गेली.

"अगं बाई, तुझे केस," अर्मीन म्हणाली. "मार्जोरी रडेल."

"रडू दे."

व्हेल्डा खोलीत परतली तेव्हा पलंग आवरलेला होता. पायाकडचा एक कोपरा सैल. ती त्या कोपऱ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग कोरडा झगा चढवला, आणि ओल्या, पुन्हा कुरळ्या झालेल्या केसांनिशी त्या चादरीवर आडवी झाली. पाठीला वाळू टोचली. टोचणारच होती. उठून झटकावी म्हणून हात शिवशिवले, ते तिने दोन्ही काखांत दाबून धरले.

साडेनऊला दारावर टकटक झाली. बाहेर ट्रॉटमन. गुड मॉर्निंग, मिस व्हेल्डा, चार नंबरचा नळ पुन्हा...

"गुड मॉर्निंग, मिस्टर ट्रॉटमन," ती पडल्यापडल्या बंद दाराला म्हणाली. "नऊ नंबर झोपलेली आहे. अकराला उठेल."