ओळखीच्या माणसाकडे बसायचं नाही

कुमुद गेल्याचं मला आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवरून कळलं. सकाळचा चहा गाळत होते, फोन वाजायला लागला तो थांबेचना. आधी जोडलेल्या हातांची रांग, मग फुलं, मग पणत्या, आणि त्या सगळ्यांच्या खाली कुणीतरी विचारलं होतं, की गुरुवारची साड्यांची निवड आता पुढे ढकलायची का. ते वाचून मला हसू आलं. कुमुद असती तर तिनं फाडकन उत्तर दिलं असतं, "मी गेले म्हणून साड्यांनी सुतक पाळायची गरज नाही." ती तशीच होती. आज तिच्याविषयी गोड बोलणाऱ्या निम्म्या बायका तिच्या हयातीत तिला बघून जिन्यात थांबायच्या, ती पुढे निघून गेली की मग वर चढायच्या. शोकसभेत त्याच तिला शिस्तीची मूर्ती म्हणत होत्या. मलाही बोलायला सांगितलं होतं. मी घसा बसलाय असं सांगितलं. घसा उत्तम होता. तिथं जे बोलले असते ते तिच्या फोटोला घातलेल्या हाराला शोभलं नसतं, म्हणून इथं लिहिते आहे. पुरवणीच्या संपादकबाईंनी "मनापासून लिहा" असं सांगितलं आहे, "गोड लिहा" असं नाही. तेव्हा त्यांनी आता तक्रार करू नये.

आमचं मंडळ मुळात सदाशिव पेठेतल्या एका इमारतीची भिशी होती. महिन्यातून एकदा जमायचं, चिठ्ठी काढायची, साबुदाणा वडा खायचा आणि सुनांविषयी बोलायचं, इतकं साधं चाललं होतं. कुमुद बँकेतून निवृत्त झाली आणि तिला हे बघवेना. "आपण खातो किती आणि करतो काय?" असं तिनं एका महिन्यात वडा हातात धरून विचारलं, आणि पुढच्या महिन्यात आम्ही सेवाभावी मंडळ होऊन बसलो. हळूहळू बिबवेवाडीपर्यंतच्या बायका येऊन मिळाल्या. दर हिवाळ्यात आमचा एकदा-दोनदा नेसलेल्या साड्यांचा सेल असे, त्यातून कुणाच्या शिकवण्या, कुणाची औषधं भागत. साड्या निवडायला कुमुद चष्मा लावून बसायची. फॉल उसवलेला दिसला की साडी आणणारीच्या मांडीवर परत. "वहिनी, ही देणगी नाही, अडगळ आहे. घरी ठेवा." वहिनी रडकुंडीला येत. पुढच्या वर्षी मात्र त्याच वहिनी इस्त्री केलेली पैठणी घेऊन येत, हेही खरं. मी तिची सगळ्यात जुनी मैत्रीण. तिच्या स्कूटरवर कायम मागे बसले आणि मंडळातही मागेच. स्कूटर मला चालवता येते, हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही.

मंडळाचं खरं काम म्हणजे 'बसणं'. हा शब्द कुमुदचाच. इस्पितळात पेशंटजवळ घरचं माणूस दिवसरात्र बसून असतं, त्याला आंघोळ नाही, धड जेवण नाही. आमच्यातली एक जण जायची, त्या माणसाला घरी पाठवायची आणि ते परत येईपर्यंत पेशंटजवळ बसायची. पाणी पाजायचं, नर्सला हाक मारायची, बाकी तोंड बंद. सोपं वाटतं, सोपं नाही. सुरुवातीला आमच्या सुलभाताई एका ओळखीच्या घरच्या आजोबांकडे बसून आल्या आणि संध्याकाळपर्यंत आजोबांचे दोन्ही मुलगे भेटायला येत नाहीत ही बातमी अख्ख्या पेठेला कळली. त्यावर कुमुदनं नियम केला, ओळखीच्या माणसाकडे बसायचं नाही. पेठेतल्या पेशंटकडे बिबवेवाडीची बाई जाणार, बिबवेवाडीकडे पेठेतली. नियम चांगलाच होता. अनोळखी माणसापुढे पेशंटला लाज वाटत नाही, खोटं हसावं लागत नाही. मीही टाळ्या वाजवल्या होत्या.

मग माझ्या नवऱ्याला, अनंताला, अर्धांगाचा झटका आला. मुलगा बेंगळुरूला, तो निघाला होता. इथं थोडं सांगायला हवं. कुमुदला सख्खा भाऊ नव्हता. आमचं लग्न झाल्यापासून दर भाऊबीजेला ती अनंताला ओवाळायची. तो तिला 'अध्यक्षीणबाई' म्हणायचा आणि ओवाळणीत मुद्दाम काहीतरी भलतंच द्यायचा, एकदा झुरळं मारायचं औषध दिलं होतं. दर रविवारी ती आमच्याकडे येऊन त्याच्याशी शब्दकोड्यावरून भांडायची, इतकं की मी चहा ठेवून गच्चीत निघून जायचे. असं या दोघांचं. मी इस्पितळाच्या बाकावरून तिला फोन केला, "कुमुद, ये." ती म्हणाली, "व्यवस्था करते." आणि खरंच व्यवस्था केली! सकाळी बिबवेवाडीहून एक तरुण मुलगी हजर. "नमस्कार काकू, मी अश्विनी. मंडळातर्फे आले आहे. आपण घरी जाऊन आंघोळ करून या." मी म्हटलं, "अगं, मीही मंडळातर्फेच आहे." तिला काही कळलं नाही. बिचारी नवीन होती.

मी घरी गेले. डोक्यावरून पाणी घेत होते तेव्हा अनंता गेला. अश्विनीनं त्याचा हात धरला होता, नर्सला हाक मारली होती, सगळं नीट केलं होतं, तिच्याविषयी माझी काडीची तक्रार नाही. पण ज्याला इतकी वर्षं ओवाळलं तो माणूस एका परक्या मुलीच्या हातात गेला, आणि ओवाळणारी बाई तिथून चार गल्ल्या पलीकडे, घरात बसून, पाळ्या लावत होती. नंतर मात्र ती आली. स्मशानातली व्यवस्था तिची, दाखला तिनं आणला, तेराव्याला कुणाला काय वाढायचं तेही तिनंच पाहिलं. लोक मला म्हणाले, "अशी मैत्रीण मिळायला भाग्य लागतं." मी मान हलवली. त्यानंतर मी मंडळात जात राहिले, बसायच्या पाळ्या केल्या, साड्या निवडल्या, तिच्या मागे स्कूटरवरही बसले. पण ती का आली नाही हे तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. विचारायची जबाबदारी माझी नव्हती. भाऊबीजेला ती आमच्याकडे येईनाशी झाली, तेही आपोआप.

मग तिचाच आजार निघाला, पोटाचा, उशिरा कळलेला. मंडळानं रीतीप्रमाणे पाळ्या लावल्या. आठवड्याभरात तिच्या मुलीचा, मनवाचा, मला फोन. "मावशी, आई कुणाला खोलीत टिकू देत नाहीये. काल आलेल्या बाईंना म्हणाली, तुम्ही श्वास फार मोठ्यानं घेता. तुम्हालाच बोलावतेय... बसायला."

"आणि नियम?" मी विचारलं.

"तेही विचारलं मी. म्हणाली, नियम माझा आहे, मी मोडीन."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी गेले, ते प्रेमानं वगैरे नाही, भांडायलाच गेले. कुमुद उशांना टेकून बसली होती, अर्धी झालेली. मला बघून म्हणाली, "उशीर केलास." मनवाला मी बाहेर चहाला पाठवलं आणि मग सरळच विचारलं, "स्वतःसाठी नियम मोडता येतो, तर माझ्या अनंतासाठी का नाही मोडलास?"

तिनं चष्मा काढून उशीशी ठेवला. मग म्हणाली, "शैला, परक्या माणसाकडे मी कितीही बसेन. तो गेला तरी घरी येऊन जेवते मी. पण आपलं माणूस जाताना बघायची हिंमत नाही माझ्यात. आमच्या ह्यांच्या वेळीही नव्हती, तेव्हाही बाहेरच होते मी. ...सुलभा निमित्त झाली गं. नियम मला हवाच होता."

हे ऐकून माझं मन विरघळायला हवं होतं, असं तुम्हाला वाटत असेल. नाही विरघळलं. मी ओरडले. "भीती वाटत होती तर आत यायचं नव्हतंस! बाहेर बाकावर बसायचं होतंस माझ्याजवळ! मी एकटी होते तिथं. मलाही कुणी हवं होतं, हे तुझ्या नियमात कुठंच बसत नव्हतं का?" दारातून नर्स डोकावली. कुमुदनं तिला हातानंच जा म्हणून खुणावलं. मग मला म्हणाली, "झालं बोलून? आता बस तरी."

बसले. तिचा हात वगैरे धरला नाही, उगाच खोटं कशाला लिहू? ती झोपेपर्यंत बसले, उठल्यावर पाणी पाजलं, आणि संध्याकाळी मनवा आल्यावर निघाले. निघताना ती म्हणाली, "उद्या ये. राहिलेलं उद्या भांडू." गेले. मग रोजच जात राहिले आणि रोज थोडं थोडं भांडलो, अनंताच्या शब्दकोड्यांवरून, साड्यांवरून, स्कूटरवरून. शेवटच्या दिवशी मनवाच होती तिच्याजवळ. मी नेहमीप्रमाणे दुपारी जाणार होते, त्याआधी ग्रुपवर हात जोडले गेले.

आता अश्विनी मंडळाची अध्यक्ष आहे. कामाची मुलगी आहे, कुमुदनंच तयार केलेली. पुढच्या महिन्यात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, हे कळल्यावर तिचा फोन आला. "काकू, तुमच्याकडे बसायला विश्रांतवाडीच्या एक नवीन ताई पाठवते. तुमच्या अजिबात ओळखीच्या नाहीत, काळजी करू नका."

मी बरं म्हटलं. त्या ताई वेळेवर येतील, माझ्या मुलाला घरी पाठवतील, पाणी पाजतील, तोंड बंद ठेवतील, कशातच खोट काढता येणार नाही. पण या खेपेला कुमुद स्वतः येते की पुन्हा व्यवस्था करते, हे मला बघायचं होतं. आली असती तर दारातच सुनावलं असतं, नसती आली तर मरेपर्यंत बोलले नसते. तेवढंही बघू दिलं नाही तिनं मला.